काका, इथे कसला वास येतो?

समस्त पुणेकरांस,


गेल्या जानेवारीत तुमच्यातली चार माणसं आमच्या घरी आली होती. माझा मुलगा वाघोलीला राहतो, त्याच्या सोसायटीतली. त्यांना फ्लेमिंगो बघायचे होते. पहाटे होडीतून फिरली, फोटो काढले, आणि उन्हं वर आल्यावर ओट्यावर बसून चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी खाल्ली. माणसं भली होती. माझ्या मंडळींना ताटं उचलू देईनात. हात धुवायला पाण्याच्या कडेला गेली, तेव्हा त्यातल्या एका ताईंनी ओढणी नाकाला लावली आणि विचारलं, "काका, इथे कसला वास येतो?"

मी म्हणालो, "शेवाळाचा." मुलगा खाली बघत राहिला.

दारी आलेल्या पाहुण्याला टोचून बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून तेव्हा गिळलं. आता लिहितो. ताई, तो वास तुमच्या घरून आला होता.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं तुमच्या उशाशी. ते पाणी तुम्ही पिता, वापरता, आणि उरलेलं मुळा-मुठेत सोडता. पवना आणि इंद्रायणीत पिंपरी-चिंचवडची भर पडते. मग हे सगळं भीमेला मिळून दौंडवरून आमच्यापर्यंत येतं. त्यातलं बरंच शुद्ध न होताच येतं, हे तुमचेच पेपर छापतात. पावसाळ्यात वरून लोंढे आले की पाणी तेवढं बरं असतं. दिवाळीनंतर हिरवं पडायला लागतं. मार्चात जलपर्णी अशी माजते की वल्हं मारताना पाण्यात आहोत की गवतात, कळत नाही. माझा चुलतभाऊ मासेमारी करतो. पूर्वी त्याच्या जाळ्यात वाम, मरळ, शिंगटा यायचा. आता नुसती चिलापी, आणि तिच्याआधी प्लास्टिकच्या पिशव्या. पाण्यात तासभर उभं राहिलं की पायाला खाज सुटते. त्याने घरी खोबरेल तेलाची बाटलीच वेगळी ठेवली आहे.

उजनीचं काम 1966 ला सुरू झालं आणि 1980 ला पुरं झालं. गाव उठलं तेव्हा मी शाळेत होतो. भीमेकाठची काळी जमीन पाण्यात गेली आणि आम्ही माळावर आलो. तेव्हाचा रडका हिशेब आता उकरत नाही. धरण हवंच होतं, आणि त्याच्यावर सोलापूर जिल्हा उभा राहिला, हे आम्हीही मान्य करतो. पण धरणग्रस्ताचा दाखला लॅमिनेट करून कपाटात ठेवलेल्या माणसाच्या घरी प्यायचं पाणी फिल्टरच्या जारमधून येतं, आणि खिडकीतून दिसतं ते राज्यातल्या सगळ्यात मोठ्या धरणांपैकी एक. हे तुम्हाला विचित्र वाटत नाही का?

उजनीची एक गंमत सांगतो. एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, पण त्यातला 63 टीएमसी मृत साठा. म्हणून आमच्याकडे धरण "प्लस"मध्ये असतं नाहीतर "मायनस"मध्ये. 2024 च्या जूनमध्ये ते उणे 60 टक्क्यांपर्यंत गेलं. तुमच्या दृष्टीने ती पेपरातली चौकट. आमच्याकडे त्याचा अर्थ असा की दर आठ-दहा दिवसांनी मोटार खाली न्यायची, नवा पाइप जोडायचा, केबल वाढवायची, आणि हे सगळं गुडघाभर काळ्या गाळात उभं राहून. त्या गाळाला तोच वास, जरा जास्त. आता तुम्ही म्हणाल, ऊस कशाला लावता? बरोबर आहे. उसाचा दोष आमच्याच पदरात घाला; नको तितका लावतो, कारखान्याच्या नादाने लावतो. पण आम्ही ऊस कमी लावला म्हणून तुमचं सांडपाणी स्वच्छ होणार नाही.

2021 साली एक आदेश निघाला होता. पुण्याकडून उजनीत येणारं पाच टीएमसी सांडपाणी इंदापूर तालुक्याच्या शेतीला उचलून द्यायचं. सोलापूरकर पेटून उठले आणि महिन्याभरात आदेश मागे घेतला गेला. इंदापूर आणि सोलापूर एकमेकांच्या उरावर बसले होते. मला त्यात दुसरीच गोष्ट लागली. सांडपाण्यावरून भाऊबंद भांडत होते, आणि ज्यांनी ते सांडलं त्यांचं त्या भांडणात कुणी नावही घेत नव्हतं.

तुमच्याकडे जपानच्या कर्जातून सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे, तो 2016 पासून ऐकतोय. मध्ये नदीकाठ सुधारायचंही निघालं: चालायला वाट, बसायला बाकडी. काठ सुधारा हो, पण आम्हाला काठ येत नाही, पाणी येतं.

आणखी एक सल आहे. मागासलेल्या भागांचा अनुशेष काढायला 1983 मध्ये दांडेकर समिती नेमली, 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, पुढे केळकर समिती आली. विदर्भ आणि मराठवाड्याची दुखणी खरीच आहेत, ती कुणी नाकारू नयेत. पण तिसरं मंडळ होतं "उर्वरित महाराष्ट्र"! त्यात कोथरूड आणि करमाळा एका ओळीत. आम्ही पश्चिम महाराष्ट्र, म्हणजे सधन, म्हणजे आमचं काय रडगाणं? शेजारच्या परांड्यात पाऊल टाकलं की मराठवाडा लागतो, आणि दोन्हीकडची बाभळ सारखीच. सरासरी काढायला पुण्याबरोबर, आणि द्यायची वेळ आली की पुण्याच्या मागे.

पूलच बघा. धरणामुळे नदी समुद्रासारखी पसरली आणि पलीकडचं इंदापूर दिसतं पण गाठता येत नाही. रस्त्याने वळसा नको म्हणून लोक मोटारसायकलसकट होडीत बसतात. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली. 6 जण गेले, त्यात लहान लेकरंही. धरण होऊन तेव्हा 44 वर्षं झाली होती. त्या आठवड्यात कॅमेरे आले, पुलाची भाषणं झाली. तुमच्या मेट्रोचे खांब किती महिन्यांत उभे राहिले, हे मी मुलाकडे जाताना बसच्या खिडकीतून मोजत आलोय.

मुलगाही तुम्हालाच दिलाय, हे विसरू नका. रांजणगावच्या कंपनीत लागला, वाघोलीला फ्लॅट घेतला. तिथे पाणी टँकरचं. आमच्या वाडीतली वीस-बावीस पोरं तशीच. कुणी चाकण, कुणी हिंजवडी, दोघं पेठेत एमपीएससीच्या क्लासला. सुनेचं बाळंतपणही तिकडेच झालं, कारण इथे अवघड केस म्हटली की डॉक्टर चिठ्ठी लिहितो ती पुण्याचीच.

त्या 2024 च्या उन्हाळ्यात जुनं गावठाण उघडं पडलं. आईने हट्ट धरला, म्हणून तिला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. वय पंच्याऐंशीच्या पुढचं. चिखल वाळून भेगाळला होता. तिला घाटाची पायरी बरोबर सापडली, माझ्या आधी. तिथे बसली आणि पूर्वीसारखं नदीचं पाणी डोळ्यांना लावायला ओंजळ पुढे केली. मी म्हणालो, "नको आई, घाण आहे." तिने ऐकलं नाही. ओंजळ वर आणली, तशीच मध्ये धरली, हुंगली, आणि खाली सोडून हात पदराला पुसले. परतताना बोलली नाही.

ताई, ते शेवाळ नव्हतं. यंदाही जानेवारीत फ्लेमिंगो येतील, तुम्हीही या. भाकरी, कालवण आहेच. परत तेच विचारलंत, तर या वेळी मी सांगेन, आणि पोराला मान खाली घालू देणार नाही.

आपला,
एक धरणग्रस्त
उजनीच्या फुगवट्यावरचं गाव, ता. करमाळा