उसनं फोर बाय फोर

पावसाळा आला की आमच्या ग्रुपमध्ये दोन साथी हमखास येतात. एक व्हायरल तापाची आणि दुसरी ‘गाडी फोर बाय फोर करून घेऊ या’ची. पहिलीवर गोळी मिळते. दुसरीवर औषध नाही!

साधारण केस अशी. वय अठ्ठावीस-तीस, नोकरी आयटीत नाहीतर बँकेत, वीकेण्डला ताम्हिणी किंवा माळशेज. गाडी दिसायला एकदम रांगडी जीप, पण इंजिनाची ताकद जाते फक्त मागच्या दोन चाकांना. मग एखाद्या रविवारी चिखलात मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं, शेजारून ट्रॅक्टरवाला हसत निघून जातो आणि साहेबांचा इगो हर्ट होतो. सोमवारी कॅण्टीनमध्ये घोषणा होते, ‘‘बॉस, डोनर बघतोय.’’

डोनर! ऐकायला किती गोड शब्द! रक्तदान शिबिर, चहा-बिस्किट, हातात सर्टिफिकेट... गॅरेजमध्ये मात्र याचा अर्थ जरा वेगळा असतो. त्याकडे येऊच. आधी फंडा समजून घेऊ.

टू व्हील ड्राइव्ह जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सल नुसतं ओझं वाहतो आणि चाकं वळवू देतो. त्याला कामाला लावायचं तर गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस हवा. तो ताकद दोन वाटांनी पाठवतो. मग पुढे जाणारा आणखी एक प्रॉपेलर शाफ्ट आणि पोटात डिफरन्शियल असलेला पुढचा अ‍ॅक्सल. हे सगळं दुसऱ्या गाडीतून काढून आपल्या गाडीत बसवायचं. ती दुसरी गाडी म्हणजे डोनर.

आपल्याकडे हा खेळ महिंद्राच्या जुन्या जीपवर रंगला, त्यालाही कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली विलिज जीप चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडली जाऊ लागली आणि तिचं खानदान पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्यात १९८५ च्या ‘एमएम ५४०’सारख्या फोर बाय फोर होत्या आणि तशाच दिसणाऱ्या टू व्हील ड्राइव्हही. चेहरा सारखा, पाटे सारखे... मग एकीचं दुसरीला बसणारच की! निदान आपल्याला असं वाटतं.

आमच्यातल्या एकाला तसंच वाटलं. त्याच्याकडे वडिलांची टू व्हील ड्राइव्ह ‘मेजर’ आहे. वडील आता नाहीत, त्यामुळे गाडी विकायचा विषयच नाही. तिलाच फोर बाय फोर करायची, असं त्याचं ठरलेलं. नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिकनं डोनर शोधून ठेवली होती, म्हणून मीही सोबत गेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी पैशांची गोष्टच काढली नाही. आधी खिशातून खडू काढला.

मेजरची मागची चाकं जॅकवर घेतली, शाफ्टवर खडूची रेघ मारली. मित्रानं एक चाक धरलं, चाचांनी दुसरं आणि दोघांनी मिळून बरोबर एक फेरी फिरवली. रेघ मोजायचं काम माझं. शाफ्ट पाच फेऱ्यांना जरासा कमी फिरला. मग डोनरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर तोच प्रयोग. पाच फेऱ्या आणि वर आणखी तिसरा हिस्सा.

चाचा म्हणाले, ‘‘मागे एकोणचाळीसला आठ, पुढे त्रेचाळीसला आठ. नाही जमणार.’’

म्हणजे क्राउनचे दात ३९ आणि पिनियनचे ८, रेशो ४.८८. दुसरीकडे ४३ आणि ८, रेशो ५.३८. फरक वाटतो किरकोळ, पण होतो दहा टक्क्यांचा. एक अ‍ॅक्सल शंभर मीटर जायला बघतो तेव्हा दुसरा नव्वदच! चिखलात चाकं घसरून हिशेब भागवतात. कोरड्या डांबरावर दोघांची ओढाताण सुरू होते आणि टायर, क्रॉस नाहीतर ट्रान्सफर केस, यापैकी कुणीतरी बळी जातं.

मग मागचा अ‍ॅक्सलही डोनरचाच घ्यायचा? घ्यावाच लागणार होता, कारण विलिजच्या पठडीतल्या ट्रान्सफर केसमधून मागचा शाफ्ट मधून निघत नाही, उजव्या अंगाने निघतो. मेजरच्या मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा होता मधोमध. म्हणजे रेशो जुळला असता तरी रेघ जुळली नसती. गिअरबॉक्सचं मागचं तोंड जुळेना, म्हणून गिअरबॉक्सही डोनरचा. शाफ्ट डोनरचे, पण लांबी वेगळी, म्हणून लेथवर कापून पुन्हा बॅलन्स करायचे. पुढचं वजन वाढणार, म्हणून पाटे बदला. स्टीअरिंगचे रॉड नव्या कोनात बसवा, नाहीतर खड्ड्यागणिक गाडी आपणहून वळणार!

चाचांची यादी संपली तेव्हा डोनरमध्ये उरलं होतं फक्त इंजिन आणि सांगाडा.

बरं, एवढं करून कागदांचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत गाडीमालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इन्शुरन्स कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी कसा डोकं वर काढेल, ते वेगळं सांगायला नको. घाटात ब्रेक लागले नाहीत तर समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांचा तुमच्या हौसेशी काय संबंध?

हा प्रश्न फक्त जुन्या जीपवाल्यांचा नाही. २०२० ची नवी थार फोर बाय फोर म्हणूनच आली, पण जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून तिची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती निघाली. ‘आत्ता ही घेतो, नंतर करून घेऊ,’ असं म्हणणारे मला तेव्हापासून भेटतायत. त्यांना माझं एकच सांगणं... ‘नंतर’ विसरा. आजच्या गाडीत चाकाचा सेन्सर, ब्रेक आणि इंजिनाचा कम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. तिथे खडू चालत नाही. फोर बाय फोर हवी तर शोरूममध्येच ठरवा. वर्षातून दोनदाच चिखल लागत असेल, तर चांगले टायर आणि एक दोर पुरतो.

आता डोनरची गोष्ट. रक्त देणारा घरी जातो, अवयव देणारा जात नाही. जीपचं अवयवदान असतं. आणि ती नाना पेठेतली डोनर काही मेलेली नव्हती. चाचांनी किल्ली फिरवली, तिनं दोनदा खोकून काळा धूर सोडला आणि सुरू झाली. आरसी चालू, नंबर जुळणारे, कारखान्यातूनच फोर बाय फोर. अशा फारशा उरल्या नाहीत. एका उसन्या फोर बाय फोरसाठी एक अस्सल, कायदेशीर फोर बाय फोर कापायची, हा हिशेब मला काही केल्या पटेना.

चाचांनाही पटला नसावा. ‘‘हीच घेऊन जा ना,’’ ते म्हणाले. ‘‘इंजिन खोलून देतो. वडिलांची गाडी वडिलांसारखीच राहू दे.’’

मित्रानं विचार करायला आठ दिवस मागितलेत. तोवर डोनर उभी आहे, चारही चाकांवर. तुमच्यापैकी कुणी अशीच एखादी बघत असाल, तर आधी तिची किल्ली मागा. सुरू झाली तर पान्याला हात लावू नका!