वर्ष द्यायचे तर पूर्ण द्या

बारावीनंतर वकिलीकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरात उन्हाळा सरता सरता एक प्रश्न हमखास येतो. मनासारखे कॉलेज मिळाले नाही, मग एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का? मामू म्हणतात, मिळाले तिथे नाव घाला. कोचिंगवाले म्हणतात, एक वर्ष म्हणजे काहीच नाही. दोघांची मते तयार असतात, पण त्या मुलाचा पेपर दोघांनीही पाहिलेला नसतो.

आधी वेळापत्रक नीट समजून घेऊ. देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट गेली काही वर्षे डिसेंबरात होते. आपल्या राज्यातली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विधी विद्यापीठेही याच परीक्षेतून प्रवेश देतात. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस आणि राज्यातली इतर लॉ कॉलेजे यांच्यासाठी मात्र राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. ती क्लॅटनंतर काही महिन्यांनी होते, तिला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि ती मराठीतूनही देता येते. म्हणजे क्लॅट बिघडली तरी त्याच वर्षात दुसरी संधी हातात असते. क्लॅटच्या निकालाने खचून ती वाया घालवणे सर्वात महाग पडते.

सीईटीतून साधे कॉलेज मिळत असेल, तर थांबण्याचा प्रश्न खरा उभा राहतो. त्याचे उत्तर कॉलेजच्या नावात शोधू नका, उत्तरपत्रिकेत शोधा. क्लॅटमध्ये 120 प्रश्न आणि 120 मिनिटे असतात. बरोबर उत्तराला 1 गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला 0.25 कापला जातो. समजा, एखाद्या मुलीने 90 प्रश्न सोडवले, त्यातले 60 बरोबर आले आणि 30 चुकले. तिला 52.5 गुण मिळतील. इथे चुकीच्या उत्तरांनीच 7.5 गुण खाल्ले. हा दोष सरावाने जातो. दुसऱ्या एखाद्या मुलाचे 40 प्रश्न वाचायचेच राहून गेले असतील, तर त्याची अडचण वाचनाच्या वेगाची आहे. पेपर फक्त इंग्रजीत असतो आणि बहुतेक प्रश्न लांब उताऱ्यांवर असतात. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तो वेग कमवायला वेळ लागतो. रोज इंग्रजी वर्तमानपत्राची दोन-तीन पाने नेमाने वाचली, तर एका वर्षात फरक पडू शकतो. नुसता क्लास लावून तो पडत नाही.

म्हणून थांबण्यापूर्वी एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे: गेल्या वेळी काय चुकले आणि या वर्षी नेमके काय बदलणार? "यंदा जास्त मेहनत करीन" हे उत्तर पुरेसे नाही.

खर्चाचाही विचार हवा. क्लॅटच्या अर्जाचीच फी खुल्या प्रवर्गाला 4000 रुपये असते, कोचिंगचा खर्च वेगळा. पुढे विधी विद्यापीठात वर्षाला काही लाख लागतात. शासकीय कॉलेजात तेच शिक्षण काही हजारांत होते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पाच वर्षे पदवीची आणि तीन वकिलीची असा हा रस्ता आहे. ज्याला न्यायाधीश व्हायचे आहे आणि ज्याच्या कमाईकडे घर डोळे लावून बसले आहे, त्याने सुरुवातीलाच वाढणारे एक वर्ष या हिशेबात धरले पाहिजे.

मोठ्या विद्यापीठाचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. बड्या लॉ फर्म नोकरी द्यायला तिथे जातात, ग्रंथालये चांगली असतात, ओळखी होतात. पण जिल्हा न्यायालयात, कौटुंबिक न्यायालयात उभे राहायचे असेल तर तयारी, भाषा आणि चिकाटी जास्त कामाला येते. न्यायमूर्ती फातिमा बीवी तिरुवनंतपुरमच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकल्या, 1950 मध्ये वकील झाल्या, खालच्या न्यायालयापासून सुरुवात केली आणि 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. तो काळ वेगळा होता, हे खरे. तरीही साध्या कॉलेजात नाव घातले म्हणजे नशिबाचा दरवाजा बंद झाला, असे मानायचे कारण नाही. पदवीनंतर एलएलएमसाठी क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा देऊन त्याच विद्यापीठांत जाता येते. आधी बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएलबीचा मार्गही आहे.

आता ज्यावर आपण उघड बोलत नाही त्या गोष्टीकडे येतो. मुलगा थांबला तर घरात त्याला "तयारी करतोय" म्हणतात. मुलगी थांबली तर ती "घरीच आहे" असे होते. पाहुणे आले की चहा तिने करायचा, धाकट्यांचा अभ्यास तिने घ्यायचा, आजीला दवाखान्यात तिने न्यायचे. दिवाळी येते न येते तोच कुणीतरी रिश्ता घेऊन येतो. डिसेंबरात गुण वाढले नाहीत की सगळे म्हणतात, बघा, वर्ष फुकट गेले. खरे तर ते वर्ष तिला कधी मिळालेच नव्हते.

माझे मत असे आहे: ज्या घरात मुलीला रोजचे सहा तास, एक कोपरा आणि डिसेंबरपर्यंत लग्नाचा विषय न काढण्याचा शब्द देता येत नाही, त्या घराने तिला थांबवू नये. मिळेल त्या कॉलेजात तिचे नाव लगेच घालावे. कॉलेजात असलेली मुलगी विद्यार्थिनी असते. तिच्या वेळेला घर आणि मोहल्ला दोघे मान देतात. हवे तर पहिल्या वर्षाला असतानाच तिने डिसेंबरात क्लॅट पुन्हा द्यावी. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे 70 टक्के हजेरी लागते आणि क्लॅटमधून नव्या ठिकाणी गेल्यास पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

आणि जिथे तो शब्द देता येतो, तिथे लोक काय म्हणतील या भीतीने मुलीला रोखू नका. एका वर्षाने कुणी म्हातारे होत नाही. मोहल्ल्यातल्या संस्थांनीही बक्षीस समारंभातला हार-शालींचा खर्च जरा कमी करावा. त्या पैशांत एक अभ्यासिका, दोन इंग्रजी वर्तमानपत्रे आणि चार मुलींच्या अर्जांची फी सहज भागेल.

निर्णय शेवटी जिला पेपर द्यायचा आहे तिचाच असावा. थांबायचे असेल तर अम्मी-अब्बांनी तिला ते वर्ष पूर्ण द्यावे. अर्धे वर्ष देऊन पूर्ण निकाल मागणे हा तिच्यावर अन्याय आहे.