कृतिलेखनाची समीक्षा : एका जुळणी-पुस्तिकेच्या निमित्ताने

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने उपयोजित मराठीच्या प्रकल्पासाठी संगणकाची जुळणी घरच्या घरी कशी करावी, या विषयावर १४ पानांची पुस्तिका लिहिली. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असे सुटे भाग आणून ते कोणत्या क्रमाने जोडावेत, हे तीत टप्प्याटप्प्याने सांगितले होते. सोबत पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या होत्या. मी तिला २० पैकी १८ गुण दिले. कापलेले दोन गुण ऱ्हस्व-दीर्घाचे होते. समासात 'भाषा ओघवती, मांडणी क्रमबद्ध' असा शेराही लिहिला. असे शेरे आम्ही मराठीचे शिक्षक किती सहज लिहितो, हे शिक्षकवाचकांना निराळे सांगायला नको.

पुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती वसतिगृहात फिरल्या. तीन महिन्यांनी आर्वीकडचा एक मुलगा जळका मदरबोर्ड पिशवीत घालून विभागात आला. वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून दिलेल्या पैशांत त्याने सुटे भाग घेतले होते आणि पुस्तिका शेजारी उघडी ठेवून एकेक टप्पा तंतोतंत पाळला होता. शेवटी बटण दाबले तेव्हा पंखा अर्धा फेरा फिरून थांबला आणि करपल्याचा वास आला. सहाव्या टप्प्यावर पुस्तिकेत एकच वाक्य होते : 'मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवून स्क्रू आवळावेत.' मदरबोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये पितळी खुंट्या बसवाव्या लागतात. त्या नसतील तर बोर्डाच्या पाठीवरचे डाखाचे टोकदार ठिपके सरळ पत्र्याला टेकतात आणि वीज नको त्या वाटेने जाते. या खुंट्यांचा पुस्तिकेत कुठेही उल्लेख नव्हता.

लेखक विद्यार्थ्याला बोलावले. त्याची पहिली प्रतिक्रिया चिडीची होती. खुंट्यांची पुडी कॅबिनेटसोबतच येते, ती याला दिसली नाही का, असे तो विचारीत होता. दुसरी प्रतिक्रिया यायला थोडा वेळ लागला. त्याने स्वतः जोडलेल्या कॅबिनेटमध्ये खुंट्या आधीच बसवलेल्या होत्या. त्या बसवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, म्हणून त्या त्याच्या लेखनातही आल्या नाहीत. जे हाताला करावे लागले नाही ते लेखणीला सुचले नाही. यात आळस नव्हता की अज्ञान नव्हते. लेखकाच्या भोवतालचे जग त्याच्या मजकुरात न सांगता गृहीत धरले गेले होते, आणि वाचकाचे जग निराळे होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. ती १४ पाने मी दोनदा वाचली होती. एकदा गुणांसाठी आणि एकदा हौसेने. दोन्ही वेळा सहाव्या टप्प्यावर माझी नजर अडखळली नाही. अडखळली असती तर ती 'आवळावेत'च्या अनुस्वारावर. एखादा मजकूर हाताने वाचायचा असतो आणि मी तो डोळ्यांनी वाचला, ही माझ्या अभिप्रायातली मुख्य उणीव होती. पाककृतीचे पुस्तक खुर्चीत बसून वाचणाऱ्या समीक्षकासारखी माझी गत झाली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून मराठी स्वयंपाकघरात जो विश्वास मिळवला, त्यात वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांचा वाटा मोठा आहे. 'अंदाजाने' हा शब्द ज्याला अंदाज आहे त्यालाच कळतो. आमच्या पुस्तिकेतही प्रोसेसरवर 'थोडी पेस्ट' लावायला सांगितले होते. थोडी म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याएवढी की आवळ्याएवढी? माझ्या लाल शाईला हाही प्रश्न पडला नव्हता.

भाषेच्या अभ्यासकाला इथे करण्यासारखे काम आहे, आणि ते क्षुल्लक नाही. मराठीतील सूचना-लेखनाला विध्यर्थाची सवय आहे : ठेवावे, जोडावे, आवळावे. हा अर्थ सभ्य आहे, कुणाला हुकूम सोडल्यासारखे वाटत नाही. पण त्याच्या आडोशाला बरेच काही लपते. 'केबल जोडून स्क्रू आवळावेत' या वाक्यातील 'जोडून' हे धातुसाधित क्रम दाखवते, अट दाखवत नाही. केबल जोडली गेली आहे हे ओळखायचे कसे, खट् असा आवाज यायला हवा की नको, हे त्यात मावत नाही. 'आवळावेत' म्हणजे किती, हेही नाही. अधिक आवळले तर बोर्डाला तडा जातो. कर्ता अध्याहृत ठेवण्याची आपल्या भाषेची सोय अशा लेखनात कशी गैरसोय होते, यावर एखादा चांगला लघुप्रबंध होऊ शकेल. तो कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यावर एका सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि तो टाळण्याजोगा नाही. त्यांचे म्हणणे असे की हे साहित्य नव्हे. वाङ्मयसमीक्षेची अवजारे इथे वापरणे म्हणजे वडाची साल पिंपळाला. मजकुरातील मोकळ्या जागा वाचक भरतो, असे वोल्फगांग इझरपासून आपण शिकवत आलो. मग त्याच मोकळ्या जागेबद्दल या पोराला दोषी का धरायचे? उत्तर सोपे आहे. कवितेतील मोकळी जागा वाचकाने चुकीची भरली तर कविता जळत नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांच्या वाचनातील चुकांची वर्गवारी केली. ते पुस्तक १९२९ चे. तिथे चुकीचे वाचन हा वाचकाचा दोष ठरला. कृतिलेखनात हा हिशेब उलटा होतो : प्रामाणिकपणे पाळूनही वाचक चुकला, तर चूक प्रथम मजकुरात शोधायची.

त्याच १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. योगायोगापलीकडे या दोन गोष्टींचा संबंध नाही, परंतु बक्षिसाच्या अटी अभिप्राय देणाऱ्या कुणीही वाचाव्यात अशा आहेत. यंत्र हलके असावे आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने सहज चालावे. बाईला फारसे श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. अधूनमधून दुरुस्ती करीत ते २० वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा. किर्लोस्करवाडीला तयार झालेला चरखाही या कसोटीला पूर्ण उतरला नाही, आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही. अटी अवास्तव होत्या, असे म्हणता येईल. मलाही तसे वाटते. पण ज्याचा चरखा नाकारला गेला त्याला तो कोणत्या अटीवर अडला हे कळू शकत होते. 'भाषा ओघवती' या माझ्या शेऱ्यावरून त्या विद्यार्थ्याला काय कळू शकत होते?

वर्ध्यात राहणाऱ्याला यापुढचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या त्या जागेत कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घाणी, जाते, चरखा यांवर प्रयोग करीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात आजही विद्यार्थ्यांना नेले की चरख्यांचे निरनिराळे नमुने पाहता येतात. एकाची अडचण दुसऱ्याने कशी दूर केली याचा तो लाकडातला इतिहास आहे. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो विनोबांचा नालवाडीतला प्रयोग. कातणाऱ्या बायांना मिळणारी मजुरी तुटपुंजी आहे, असे लेखात म्हणणारे पुष्कळ होते. विनोबा १९३५ मध्ये स्वतः दिवसभर कातायला बसले आणि त्या मजुरीत पोट भरते का, हे त्यांनी आपल्या ताटावर तपासले. त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांच्या किमान मजुरीचे धोरण स्वीकारले. विनोबांच्या त्या दिवसांना मी अभिप्राय म्हणतो. त्यासाठी त्यांना वेगळा शेरा लिहावा लागला नाही.

आमच्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो थोडा कंटाळला, हे कबूल केले पाहिजे. मात्र नंतर त्याने आपणहून एक गोष्ट केली. जुना, निकामी झालेला एक संच मिळवला, सगळे भाग सुटे केले आणि आर्वीच्या त्याच मुलाला पुस्तिका देऊन पुन्हा जोडायला बसवले. स्वतः समोर बसला. अट एकच : लेखकाने तोंड उघडायचे नाही. मी तासभर हजर होतो. समोरचा मुलगा वायर उलटी धरून बसला आहे, पान मागेपुढे करतो आहे, आणि लेखक ओठ दाबून वहीत टिपतो आहे, हे दृश्य कोणत्याही काव्यवाचनापेक्षा अधिक ताणाचे होते. सांगायची ऊर्मी त्याला ज्या ज्या ठिकाणी आली, त्या त्या ठिकाणी पुस्तिकेत एक वाक्य कमी होते. अशा २३ जागा निघाल्या. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरी कोणत्या पिनांवर जातात, या एका टप्प्यातच त्यातल्या सात.

आलेला प्रत्येक अभिप्राय स्वीकारावा, असे मात्र माझे मत नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्याने सगळ्यांच्या सगळ्या सूचना घातल्या आणि पुस्तिका ३१ पानांची झाली. दर ओळीला 'सावधान' असल्यामुळे कुठे खरोखर सावध राहायचे ते कळेना. एका प्राध्यापकांनी मदरबोर्डला 'मातृफलक' करायला सुचवले. त्यांच्या भाषाप्रेमाबद्दल शंका नाही, पण खोक्यावर 'मातृफलक' छापलेले नसते, आणि वाचकाला पुस्तिकेतला शब्द हातातल्या वस्तूशी जुळवायचा असतो. ही सूचना आम्ही नाकारली. 'सगळेच समजले, फार छान' असा अभिप्राय देणाऱ्या चौघांना आम्ही एकच प्रश्न विचारला : जोडून पाहिले का? चौघांनीही पाहिले नव्हते. त्यांची स्तुती लेखकाने आईला वाचून दाखवली आणि खर्ड्यातून वगळली.

जळालेल्या बोर्डाचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न विभागात बरेच दिवस रेंगाळला. पुस्तिकेवर लेखकाचे नाव होते आणि तिच्या शेवटच्या पानावर माझी सही. आम्ही दोघांनी निम्मे निम्मे दिले. आर्वीचा मुलगा संकोचाने घेत नव्हता. चूक माझीच असेल सर, असे म्हणत होता. कृतिलेखनाच्या प्रामाणिक वाचकाचे हे वाक्य मी पुढे अनेकदा ऐकले, आणि दर वेळी पुस्तिका नव्याने उघडून पाहिली.

तिसरा खर्डा १९ पानांचा आहे. सहाव्या टप्प्याची आता पाच वाक्ये झाली असून पहिले असे आहे : 'कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी खुंट्या आहेत का, बोट फिरवून पाहा; नसतील तर पुढे जाऊ नका.' विध्यर्थ गेला आणि आज्ञार्थ आला. मला तो आता उद्धट वाटत नाही. प्रत्येक पानाच्या उजवीकडे रिकामा समास सोडला आहे आणि वर लिहिले आहे, 'कुठे अडलात?' गेल्या महिन्यात हिंगणघाटहून एक प्रत परत आली. अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते की आकृतीतली रॅमची खाच उलट्या बाजूला काढली आहे.