टाकी कोरडी पडली? आधी हवा काढा, मग सेल्फ मारा

पेण-रोहा पट्ट्यात ट्रक, टेम्पो आणि टँकर चालवणाऱ्या चालक-मालकांना ही कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे अंतर थोडं आणि वेळ फार, अशी गत आहे. पेणहून गणपतीच्या मूर्ती भरून निघालेला टेम्पो असो, डोलवीचं पोलाद घेऊन चाललेला ट्रेलर असो की धाटाव एमआयडीसीचा टँकर असो, वडखळला एकदा अडकला की वेळेचं गणित बिघडतं. किलोमीटरच्या हिशोबाने भरलेलं डिझेल उभ्या गाडीतच जळतं. त्यात डिझेलचा काटा बंद पडलेला असला, तर सगळा कारभार अंदाजपंचे. मग सुकेळी खिंडीच्या चढाला टाकीतलं उरलंसुरलं डिझेल एका बाजूला सरकतं, आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि गाडी आचके देत बंद होते.

पुढचं दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कोणीतरी मोटरसायकलवरून कॅनमध्ये डिझेल आणतो, ते टाकीत ओततात आणि लगेच सेल्फ मारायला सुरुवात होते. गाडी काही चालू होत नाही. पाच-दहा मिनिटांत बॅटरी बसते, कधी सेल्फची मोटरही जळते. शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

यामागचं कारण साधं आहे. टाकी कोरडी पडली की पाइप, फिल्टर आणि पंपात हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून पंपाचा जोर थेट नॉझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते. पंपाचा सगळा जोर ती हवा आवळण्यातच संपतो आणि नॉझल उघडतच नाही. म्हणून टाकीत डिझेल असूनही इंजिनाला ते मिळत नाही. ही हवा हाताने बाहेर काढावी लागते.

पण त्याआधी गाडी सुरक्षित करा. इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा भरणंही थांबतं. गाडी डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ओट लावा, चारी इंडिकेटर चालू करा आणि मागे पुरेशा अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. विडी-सिगारेट लांब ठेवा. रसायनाचा टँकर असेल, तर पाना हातात घेण्याआधी टँकरवर लिहिलेल्या आपत्कालीन नंबरवर फोन करून कंपनीला कळवा.

आता डिझेल. दोन-चार लिटरवर भागवू नका. नळीचं तोंड चढावरही बुडलेलं राहील इतकं, निदान पंधरा-वीस लिटर तरी घाला. कॅन स्वच्छ हवा आणि नरसाळ्याला जाळी हवी. पाऊस असेल तर टाकीच्या तोंडावर आडोसा धरा.

जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या गाडीत टाकीकडून इंजिनाकडे, या क्रमानेच हवा काढा. आधी फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि खाली डबा धरा. मग हँडपंप मारत राहा. आधी नुसता फुसफुस आवाज येतो, मग पांढरट फेस, मग बुडबुडे. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की हँडपंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळा. दुसरा फिल्टर असेल तर तिथेही हेच करा आणि शेवटी मुख्य पंपावरच्या स्क्रूला. सुरुवातीला हँडपंप मऊ लागतो; हवा गेली की हाताला घट्ट लागायला लागतो. काम झालं की त्याची मूठ परत फिरवून बसवा, नाहीतर तिथूनच गळती सुरू होते.

आता सेल्फ मारा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदच. मग मिनिटभर थांबा. दोन-तीनदा मारूनही चालू झाली नाही, तर परत हँडपंपाकडे वळा. चालू झाली की लगेच रेस देऊ नका; काही मिनिटं हळू चालू ठेवा आणि सगळे सांधे पाहा.

कॉमन रेलच्या गाड्यांना मात्र वेगळा नियम आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकमध्ये हीच पद्धत असते आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही आहे. ट्रकच्या टायरात साधारण ८ बार दाब असतो. या रेलमध्ये तो १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. तिथल्या पाइपाचा नट सैल करून हवा काढायची जुनी सवय इथे जिवावर बेतेल. सुईएवढी धार कातडीतून आत शिरते. वर बारीक ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं. असं झालं तर हळद किंवा मलम लावत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठा, आणि डिझेल दाबाने आत शिरलंय हे डॉक्टरांना आधी सांगा. या गाड्यांत फिल्टरजवळच्या हँडपंपानेच हवा काढावी. विजेचा पंप असेल, तर कंपनीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चावी चालू-बंद करून त्याला काम करू द्यावं. तेवढ्याने जमलं नाही, तर मेकॅनिकला बोलवावं. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवू नका; न गाळलेली घाण सरळ पंपात जाते.

टाकीत डिझेल असूनही गाडी वारंवार हवा धरत असेल, तर कुठेतरी फट आहे. चिरलेला रबरी पाइप, ढिली क्लिप, जुना तांब्याचा वायसर, हे आधी तपासा. पावसाळ्यात सेपरेटरच्या तळाचं पाणी काढायला विसरू नका.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल देणं जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, शिवाय इंजिनाचा ब्रेकही जातो. म्हणजे वाचत काहीच नाही, धोका तेवढा वाढतो.

डब्यात जमलेलं डिझेल शेतात किंवा खाडीत ओतू नका. रस्त्यावर सांडलं असेल तर माती टाका, कारण मागून दुचाकीवाला येतो आहे. आणि गाडीभोवती दगड मांडले असतील, तर निघताना ते उचला. रात्री त्याच दगडांवर कोणाचा तरी जीव जातो.

पाव टाकीच्या खाली काटा जाऊ देऊ नका. काटा बिघडला असेल तर या आठवड्यातच दुरुस्त करून घ्या. पाने, डबा, फडकं, टॉर्च आणि त्रिकोण कायम केबिनमध्ये ठेवा. आपल्या गाडीचा हँडपंप आणि एअरचा स्क्रू कुठे आहे, हे आजच दिवसाउजेडी क्लीनरला दाखवून ठेवा.