सोयरिकीतली साखर

अंबड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आम्हाला आले आहे. मुलगी बारावी झालेली. परतूरकडचे स्थळ जमत आले होते, साखरपुड्याची तारीख धरायची तेवढी राहिली होती. तोच मुलीच्या आईला साखरेचा आजार आहे हे तिकडे कळले आणि बोलणे थांबले. 'त्यांच्या रक्तातच आहे,' असे मध्यस्थ सांगून गेला. बाई विचारतात, आमच्या रक्तात खरेच खोट आहे का हो?

रक्तातली खोट हा शब्द आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. म्हणून आम्ही जरा सविस्तर उत्तर देतो.

मधुमेह वारशाने येतो हे खोटे नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांना होण्याची शक्यता ढोबळमानाने दहात चार. म्हणजे दहात सहा सुटतात, तेही पाहावे. २००६ साली आइसलंडच्या शास्त्रज्ञांना टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध आढळला. त्याचा एक प्रकार अंगात असला की स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी सुटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये दाखवले, की आपल्याकडेही हेच जनुक धोका वाढवते. आइसलंडचा गोरा आणि पुण्याचा रुग्ण, दोघांची खोट एकच! लाखो धडधाकट माणसे हे जनुक घेऊन हिंडतात. परतूरच्या पाहुण्यांनी स्वतःची साखर कधी तपासली आहे काय?

दुसरी गोष्ट रक्ताची नाही, पोटाची आहे. बाई बहात्तरच्या दुष्काळातल्या. त्या पोटात असताना त्यांची आई मिलोची भाकरी खाऊन रोजगार हमीवर खडी फोडत होती. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात असाच उपास पडला होता. तेव्हा गर्भात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांच्या रक्तातली साखर इतरांपेक्षा जास्त भरली. डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे तोलली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोने कमी. हातपाय काडीसारखे, पण कातडीखालची चरबी मात्र शाबूत. अशी माणसे मोठेपणी दिसायला सडपातळ आणि आतून चरबीची. साखर म्हणजे शेठजींचा आजार, अशी समजूत आपल्या वस्तीत अजून आहे. ऊसतोडीला जाणारा काटकुळा माणूस तिच्यापायीच तपासणी करीत नाही. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने छळले, हे किती घरांत ठाऊक आहे?

वारसा बदलता येत नाही, पण त्याला अडवता येते. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी साखर काठावर असलेली माणसे तीन वर्षे पाहिली. नुसता सल्ला मिळालेल्यांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. चालणे व जेवण सांभाळणाऱ्यांत ३९ जणांना.

आम्ही बाईंना कळवले, की मुलीची उपाशीपोटी साखर तपासून घ्या. शंभराच्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ पासून पुढे पुन्हा तपासून डॉक्टर गाठावा. पुढे दिवस राहिले की मात्र न चुकता तपासावी. तिशीपुढच्यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. घरातल्या साऱ्यांना घेऊन जा.

परवा त्यांचे उत्तर आले. मुलीची साखर ८८ निघाली. नवऱ्याची १४०, आणि ते तर अंगाने काडी! परतूरहून अजून निरोप नाही.