विमानतळाच्या जागी तळे

मेक्सिको सिटीच्या पूर्वेला टेस्कोको तळ्याच्या कोरड्या पात्रात २०१४ साली एका भव्य विमानतळाची घोषणा झाली. आराखडा नॉर्मन फॉस्टर आणि फर्नांडो रोमेरो या नामवंत वास्तुविशारदांचा, खर्चाचा अंदाज तेरा अब्ज डॉलर्सच्या घरातला. जागा चार हजार हेक्टरांहून अधिक. काम जवळपास एक तृतीयांश झाले असताना ऑक्टोबर २०१८ मध्ये लोकांचा कौल घेण्यात आला. दहा लाखांहून थोडे अधिक लोक मतदानाला आले, त्यांतल्या सुमारे सत्तर टक्क्यांनी विरोध केला आणि विमानतळ रद्द झाला. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याशा मतदानावर असा निर्णय घ्यावा का, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. पण त्या जागेचे पुढे जे ठरले ते आरोग्याच्या दृष्टीने विमानतळापेक्षा महत्त्वाचे आहे. तिथे तळे परत आणायचे ठरले आणि त्या कामाची सूत्रे इन्याकी एचेवेरिया या वास्तुविशारदाकडे देण्यात आली.

तळे आटले तर जलतज्ज्ञाला बोलवावे, वास्तुविशारदाला कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर या तळ्याच्या इतिहासात आहे.

समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवरचे हे खोरे चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. त्यातून बाहेर पडायला पाण्याला नैसर्गिक वाट नाही. पावसाळ्यात इथली पाच तळी एकमेकांत मिसळत. टेस्कोको त्यांतले सर्वांत मोठे आणि सर्वांत सखल. सगळे पाणी शेवटी तिथे येई आणि उन्हाने उडून जाई, क्षार तेवढे मागे राहत. म्हणून टेस्कोकोचे पाणी खारे आणि दक्षिणेकडच्या सोचिमिल्को, चाल्को या तळ्यांचे गोडे. १३२५ च्या सुमारास अॅझ्टेकांनी याच तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवले. पंधराव्या शतकाच्या मध्यास शहर पुराने बुडाले, तेव्हा टेस्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल (हा कवी म्हणूनही नावाजलेला) याने सुमारे सोळा किलोमीटर लांबीचा बंधारा घालून खारे पाणी एकीकडे आणि गोडे पाणी दुसरीकडे केले. पूरही अडला आणि शहराभोवतीची शेतीही वाचली. ही वास्तुकलाच होती. तिला ना छप्पर होते ना भिंती. पाण्याने कुठे थांबायचे आणि माणसाने कुठे, एवढेच तिने ठरवले होते.

स्पॅनिशांनी १५२१ मध्ये शहर जिंकले, बंधारे मोडले आणि नंतर पाण्याशी उभा दावा मांडला. १६२९ च्या पुरात शहर जवळजवळ पाच वर्षे पाण्यात राहिले. राजधानी दुसरीकडे हलवावी असाही विचार झाला. ती हलली नाही, पाणी मात्र हलवायचे ठरले. डोंगर फोडून चर काढायचे काम १६०७ मध्येच सुरू झाले होते. पुढे १९०० मध्ये ४७ किलोमीटरचा महाकालवा झाला, १९७५ मध्ये खोल बोगदा आणि २०१९ मध्ये आणखी ६२ किलोमीटरचा बोगदा. चारशे वर्षे एकच उद्योग चालू आहे, खोऱ्यातले पाणी खोऱ्याबाहेर घालवण्याचा. आणि त्याच शहराला प्यायला पाणी कमी पडते, म्हणून कुत्झामाला योजनेतून ते हजार मीटरहून अधिक उंच चढवून आणावे लागते. उरलेली तहान भूजलावर भागते.

त्या उपशाचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. तळ्याखालची चिकणमाती पाण्याने फुगलेली असते. खालचे पाणी काढले की ती आकसते आणि जमीन खचते. शहरातला स्वातंत्र्यस्तंभ १९१० मध्ये उभारला तेव्हा त्याला नऊ पायऱ्या होत्या. स्तंभाचा पाया खोलवर टेकलेला, त्यामुळे तो जागेवर राहिला आणि भोवतालचा रस्ता खाली गेला. नंतर आणखी चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार काही भागांत जमीन वर्षाला ५० सेंटीमीटरपर्यंत खचते आहे आणि आकसलेली माती पुन्हा फुगण्याची शक्यता जवळजवळ नाही. १९८५ च्या भूकंपाचे केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर प्रशांत किनाऱ्याजवळ होते. तरी शहर उद्ध्वस्त झाले, कारण तळ्याच्या मऊ मातीने हादरे कित्येक पटींनी वाढवले.

आरोग्याला थेट भिडते ती मात्र धूळ. तळे आटले की तळाशी क्षारांनी भरलेली चिकणमाती उघडी पडते. कोरड्या महिन्यांत खालचे खारे पाणी केसांसारख्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर वाळते आणि क्षारांचे स्फटिक होताना मातीचा थर आतून फोडतात. फेब्रुवारी-मार्चचा वारा ही भुकटी उचलतो. विसाव्या शतकाच्या मध्याला टेस्कोकोवरून उठणाऱ्या धुळीच्या लोटांनी भरदुपारी शहर काळवंडत असे. त्याच पात्रात शहराचे सांडपाणीही येत असल्याने त्या धुळीत नुसती माती नसे. दहा मायक्रॉनहून लहान कण श्वासनलिकेत उतरतात, अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या थेट टोकापर्यंत जातात. दमा, श्वासनलिकेचा दाह, हृदयविकार यांच्याशी त्यांचा संबंध पक्का प्रस्थापित झालेला आहे. त्यात हे खोरे म्हणजे डोंगरांची कढई, वाहनांचा धूर आधीच आत कोंडलेला. पात्राला लागून असलेल्या सियुदाद नेसावालकोयोत्लमध्ये दहा लाखांहून अधिक लोक राहतात, तेही मुख्यतः कष्टकरी. तळे आटवायचे कोणी ठरवले आणि धूळ कोणाच्या छातीत गेली, हे वेगळे सांगायला नको.

धुळीवर पहिला खरा उपाय निघाला तो साठीच्या दशकात, नाबोर कारिल्यो या मृदाशास्त्राच्या जाणकार अभियंत्याच्या डोक्यातून. तो उपाय असा आहे की वाचणारा क्षणभर थांबतो. तळे खोदायचे तर कोट्यवधी घनमीटर चिखल उपसून टाकायचा कुठे? कारिल्योंचे म्हणणे होते, खोदायचेच नाही. जे शहराला बुडवते आहे तेच इथे मुद्दाम करायचे. ठरावीक क्षेत्रात विहिरी घेऊन खालचे खारे पाणी उपसायचे, माती आपोआप आकसेल आणि जमीन काही मीटर खाली बसेल. त्या खळग्यात शुद्ध केलेले सांडपाणी सोडायचे. १९७१ मध्ये सरकारी योजना सुरू झाली आणि सुमारे हजार हेक्टरांचा एक जलाशय खरोखरच तयार झाला. त्याला कारिल्योंचेच नाव दिले आहे. उरलेल्या उजाड पात्रात खाऱ्या जमिनीत तग धरणारे गवत लावले. धुळीची वादळे पुष्कळच उतरली. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी परतले. काचेच्या उंच इमारतींचे जितके कौतुक झाले त्याच्या शतांशही या खळग्याचे झाले नाही.

त्यानंतर १९९८ मध्ये अल्बर्तो कालाच आणि तेओदोरो गोन्सालेस दे लेओन या वास्तुविशारदांनी शहराने पुन्हा तळ्याकाठी यावे अशी योजना मांडली. मोठे जलाशय, त्यांच्या काठाने नवी वस्ती, तळ्यातच विमानतळाचे बेट. ती कागदावर राहिली. एचेवेरिया यांचे आजचे उद्यान या परंपरेतलेच, पण अधिक जमिनीवर आलेले. सुमारे चौदा हजार हेक्टर क्षेत्र २०२२ मध्ये संरक्षित जाहीर झाले, त्याच वर्षी इथली उरलीसुरली पाणथळ जागा रामसर यादीत गेली आणि २०२४ मध्ये उद्यानाचा काही भाग लोकांसाठी उघडला.

अशा कामात वास्तुविशारद काय करतो, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण इथेच गफलत होते. ताटासारख्या सपाट पात्रात अर्ध्या मीटरचा बांध म्हणजे शेकडो हेक्टरांचा फरक. तो कुठे घालायचा, उथळ पाणी कुठे ठेवायचे म्हणजे पक्षी चरतील, खोल कुठे म्हणजे उन्हाळ्यात पाणी टिकेल, पायवाट कुठून न्यायची म्हणजे माणसे येतील पण घरट्यांपर्यंत पोचणार नाहीत, आणि सर्वांत कठीण, कोणता भाग कोरडाच राहू द्यायचा. पूर्वेच्या डोंगरांतून नऊ छोट्या नद्या या पात्रात उतरतात. त्यांचे पाणी कुठे पसरू द्यायचे हे अभियंत्याला मोजता येते. पण पाणी, पक्षी, शेजारचे शेतकरी आणि रविवारी येणारे कुटुंब यांचा एकत्र आराखडा करायला जागेचा विचार करणारा माणूस लागतो. या अर्थाने त्याची गरज आहे.

मात्र आराखड्याकडून ज्या अपेक्षा केल्या जातात, त्यांतल्या काही खोट्या आहेत. टेस्कोकोत पाणी साठले की शहराखालचे भूजल भरेल, हा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. तळाची चिकणमाती पाणी जवळजवळ झिरपूच देत नाही. भूजल भरते ते डोंगरउतारांवर, विशेषतः दक्षिणेच्या सच्छिद्र ज्वालामुखी खडकात. तिथली जंगले तोडून वस्त्या वाढत असतील तर खाली तळे कितीही भरले तरी विहिरी आटतच जाणार. खचलेली जमीनही तळ्यामुळे वर येणार नाही. तळ्याचे लाभ वेगळे आहेत आणि ते पुरेसे मोठे आहेत. धूळ दबते, पुराच्या पाण्याला थांबायला जागा मिळते, शुद्ध केलेले पाणी शेतीला देता आले तर तेवढा भूजलाचा उपसा वाचतो.

दुसरी गोष्ट मैल्याची. पूर्वेच्या नद्या वाटेतल्या गावांचे सांडपाणी घेऊन येतात. ते तसेच उथळ तळ्यात साठले तर दुर्गंधी येईल, डास होतील, शेवाळ माजेल आणि धुळीच्या रोगांच्या जागी पाण्याचे रोग येतील. म्हणजे तळ्याचे भवितव्य तळ्यात ठरत नाही, वरच्या गावांतल्या शुद्धीकरण केंद्रांत ठरते. ही केंद्रे दिसायला कुरूप असतात, तिथे कोणी फोटो काढत नाही आणि उद्घाटनानंतर वीजबिल भरायला पैसे नाहीत म्हणून ती बंद पडतात, हा जगभरचा अनुभव आहे. मैदाने, सायकलमार्ग, निरीक्षण मनोरे मात्र निवडणुकीआधी वेळेत पूर्ण होतात. उद्यानात किती लोक आले यापेक्षा मार्च महिन्यात नेसावालकोयोत्लच्या हवेत किती कण आढळले आणि नद्यांच्या मुखाशी पाण्यात किती मैला होता, हे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. उद्यानाचे मूल्यमापन त्यांवरच करावे.

खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतले ओवेन्स तळे पाहावे. लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये त्या तळ्याला मिळणारे नदीचे पाणी वळवले आणि पुढच्या काही वर्षांत तळे आटले. नंतर त्याच्या पात्रातून उठणारी धूळ दाबायला त्या शहराला दोन अब्ज डॉलर्सहून अधिक खर्च करावा लागला आहे: कुठे पाण्याचा पातळ थर, कुठे गवत, कुठे खडीचे आच्छादन. आणि तळे काही परत आलेले नाही.

टेस्कोकोबरोबर आणखीही काही गेले. अॅझ्टेक बाजारात या तळ्यावरच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या वड्या विकल्या जात, अशी नोंद स्पॅनिशांनी केली आहे. हेच शेवाळ म्हणजे आज औषधाच्या दुकानांत गोळ्यांच्या बाटल्यांत मिळणारे स्पायरुलिना. विसाव्या शतकात त्याचे व्यापारी उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते याच पात्रातल्या एका सोड्याच्या कारखान्यात, शंखाच्या आकाराच्या तीन किलोमीटर रुंद बाष्पीभवन कुंडाजवळ. आपल्याकडे लोणारच्या खाऱ्या पाण्यातही हे शेवाळ वाढते. पाणकिड्यांची अंडी, मासे, बदके हाही तळ्याकाठच्या गरिबांचा आहार होता. तळे गेल्यावर ती प्रथिने विकत घ्यायची वेळ आली. आहाराच्या अभ्यासात हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

सप्टेंबर २०२१ मध्ये खोऱ्याबाहेर, उत्तरेला असलेल्या तुला शहरात पूर आला. मुसळधार पाऊस तर होताच, शिवाय मेक्सिको सिटीच्या खोऱ्यातून बाहेर काढलेले पाणीही त्याच नदीत येत होते. तिथल्या एका सरकारी रुग्णालयात पाणी शिरले, वीज गेली, प्राणवायूवर असलेले डझनाहून अधिक रुग्ण दगावले. राजधानीने आपले पाणी आपल्या तळ्यात थांबवले नाही की ते कोणाच्या तरी दारात जाते. पुढच्या पावसाळ्यांत टेस्कोकोच्या बांधांची उंची आणि दरवाजे उघडण्याचे वेळापत्रक ठरवले जाईल, त्या बैठकीत वास्तुविशारद, अभियंते आणि आतेन्कोचे शेतकरी यांच्याबरोबर तुलाच्या लोकांचा एक प्रतिनिधी आणि तिथल्या रुग्णालयातला एक डॉक्टर बसवावा.