बीजगणिताची सुरुवात दुसरी-तिसरीतच हवी




"मुलांना साधी हातच्याची वजाबाकी येत नाही आणि प्राथमिक शाळेत बीजगणित कसले काढता?" हा प्रश्न शिक्षण परिषदेत आणि पालकसभेत हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या अहवालांतून भागाकाराची दुरवस्था वारंवार समोर आली आहे. तरीही बीजगणिताची सुरुवात दुसरी-तिसरीतच व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे. ती होत नाही, हेही वजाबाकी कच्ची राहण्याचे एक कारण आहे.

चौथीच्या वर्गात फळ्यावर ८ + ४ = □ + ५ एवढे लिहून पाहा. बहुतेक मुले चौकटीत १२ भरतात, काही १७. सात लिहिणारे मूल विरळा. अमेरिकेत थॉमस कारपेंटर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न होता, आणि सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिले नव्हते. तेव्हा हा आपल्याच मुलांच्या डोक्याचा दोष नव्हे. पहिलीपासून ५ + ३ = एवढेच वळण गिरवून घेतले, की 'बरोबर'चे चिन्ह मुलाला 'उत्तर काढ' असा हुकूम वाटू लागते. दोन्हीकडे सारखेच आहे, हा त्याचा खरा अर्थ कुणी सांगतच नाही. मग वहीत २५ + १० = ३५ + ८ = ४३ असे उतरते, आणि शेवटचा आकडा बरोबर म्हणून त्यावर लाल शाईची खूणही होते.

हेच मूल सहावीत समीकरणापाशी अडते. तिथे त्याच्या हाती "पलीकडे गेले की अधिकचे वजा होते" हे वाक्य दिले जाते. का होते, ते विचारायचे नाही. त्याऐवजी तिसरीत साधा तराजू आणावा. एका पारड्यात गोट्या भरलेली कागदी पुडी आणि तीन सुट्या गोट्या, दुसऱ्यात सारख्याच आकाराच्या दहा. काटा मधोमध. पुडी न उघडता आत किती ते सांगायचे. थोड्या गोंधळानंतर कुणीतरी दोन्हीकडच्या तीन-तीन उचलते, काटा हलत नाही, आणि "सात!" असा गलका होतो. इथे वजाबाकी झाली, समीकरणही सुटले, आणि एकही अक्षर लागले नाही. अक्षरांचा धसका घेणाऱ्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे की बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत होते. आपल्या मुलांना चौकट किंवा रंगीत ठिपका पुरे.

बीजगणिताचा दुसरा पाया असलेल्या आकृतिबंधांचीही हीच गत. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत मुले संख्यामालिका भरपूर सोडवतात, पण चार पर्यायांतून पुढची संख्या निवडली की काम संपते. नियम कुणी विचारत नाही. काड्यापेटीतल्या काड्यांनी एकाला एक लागून चौकोन मांडायला सांगा : ४, ७, १०, १३. पुढचा आकडा सगळ्यांना येतो. शंभर चौकोनांना किती काड्या लागतील, असे विचारले की वर्ग गप्प होतो आणि मग खरे गणित सुरू होते. एक म्हणते, पहिल्याला चार, उरलेल्या नव्व्याण्णवांना तीन-तीन. दुसरे म्हणते, आधी एक काडी उभी करू, मग प्रत्येक चौकोनाला तीन. तिसरे प्रत्येकाला चार देऊन सामाईक नव्व्याण्णव वजा करते. तिघांचेही उत्तर ३०१. तीन वाटा एकाच उत्तराशी का येतात, यावर मुले भांडतात तेव्हा गुणाकार, बेरीज आणि वजाबाकीचा जो सराव होतो, तो पन्नास सुट्या उदाहरणांनी होत नाही. कच्च्या मुलांना याची गरज अधिक आहे, कारण इथे त्यांना मोजूनही उत्तरापर्यंत जाता येते.

पुस्तकात हे नाही असे मुळीच नाही. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात 'आकृतिबंध' आणि 'बीजगणिताची पूर्वतयारी' हे दोन्ही पाठ आहेत, पण अगदी शेवटी. वार्षिक परीक्षा तोंडावर आली की शेवटच्या पाठांचे काय होते, ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. याउलट एनसीईआरटीचे २०२४ साली आलेले सहावीचे 'गणित प्रकाश' आकृतिबंधांपासूनच सुरू होते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातही टप्प्याटप्प्याने पाठ्यपुस्तके बदलत आहेत. बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ही संधी साधून हे दोन विषय शेवटच्या पानांतून उचलून दुसरीपासूनच्या बेरीज-वजाबाकीत मिसळावेत. त्यासाठी जादा तास नको, वेगळा पाठही नको. चाचणीपत्रिकेत चौकट कधी डावीकडे, कधी मधे यावी आणि पुढच्या आकड्याबरोबर "कसे ओळखलेस?" यालाही गुण असावेत. गुण असले की वर्गात ते शिकवले जाईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका